तारणारा की अवतार? विज्ञानपटांतल्या त्रात्याची ओळख

दूरच्या ग्रहावर संकट येते. आईबाप तान्ह्या मुलाला छोट्या यानात घालून पृथ्वीकडे पाठवतात. तो एका साध्या शेतकऱ्याच्या घरी वाढतो आणि वेळ येताच जगाच्या मदतीला धावतो. सुपरमॅनची ही गोष्ट नातवंडांबरोबर पाहणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या आजीला विचारा, ती म्हणेल, हा तर आपला कृष्ण, मथुरेतून गोकुळात पोचवलेला. अमेरिकेतला पाळक म्हणेल, हा आमचा येशू, स्वर्गातल्या पित्याने पाठवलेला. आणि ज्यांनी 1938 साली सुपरमॅन छापून आणला ते जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर दोघेही ज्यू. त्यांच्या परंपरेत टोपलीत घालून नाईल नदीत सोडलेला मोशे आहे.

असे साम्य दिसले की आपण खूश होतो. ‘हे सगळं आपल्या पुराणांत आधीच आहे’ हे वाक्य इंदूरच्या कुठल्याही मराठी बैठकीत हमखास ऐकू येते. वाक्य पूर्ण खोटे नाही. अडचण एवढीच की ते म्हटल्यावर पुढचे पाहणे थांबते. म्हणून या चित्रपटांत ख्रिस्ती काय आहे, ते थोडे जवळून पाहू.

काही ठिकाणी ते लेखकाने मुद्दाम पेरलेले आहे. 1951 सालच्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या चित्रपटात परग्रहावरचा पाहुणा क्लाटू माणसांत मिसळताना ‘कार्पेंटर’ हे नाव घेतो. कार्पेंटर म्हणजे सुतार, आणि सुतारकी हा येशूचा व्यवसाय. सैनिक त्याला गोळी घालतात, यंत्रमानव त्याला पुन्हा उठवतो आणि तो आकाशात निघून जातो. ही आपली खासगी गंमत होती, दिग्दर्शक रॉबर्ट वाइजशी आपण त्याबद्दल कधी बोललो नाही, असे पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी पुढे सांगितले. सेन्सॉरच्या मंडळींना मात्र मेलेला उठणे खटकले. म्हणून जीवन-मरणाची सत्ता सर्वशक्तिमान परमेश्वराचीच, अशा अर्थाचे वाक्य क्लाटूच्या तोंडी घालावे लागले.

1999 सालचा ‘द मेट्रिक्स’ अमेरिकेत ईस्टरच्या आठवड्यातच लागला. नायक निओ मरतो आणि पुन्हा उठतो. त्याच्या सोबतिणीचे नाव ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्य. त्यांच्या जहाजावरच्या पाटीत मार्कच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायाच्या अकराव्या वचनाची खूण आहे. त्या वचनात भुते येशूपुढे लोटांगण घालून त्याला देवाचा पुत्र म्हणतात. 2013 च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये तर सुपरमॅनचे वय 33 सांगितले आहे. तो सल्ल्यासाठी चर्चमध्ये जातो तेव्हा मागच्या रंगीत काचेत येशूचेच चित्र दिसते. कंपनीने पाळकांसाठी प्रवचनाची टिपणेही पुरवली होती. भक्ती आणि धंदा यांचे गूळपीठ आपल्याला नवे नाही. गणेशोत्सवाचे मांडव आपण पाहिलेच आहेत.

उलट बाजूही आहे. स्पीलबर्ग यांच्या 1982 च्या ‘ई. टी.’मधला पाहुणाही मरून जिवंत होतो आणि आकाशात परततो. पण आपण ख्रिस्तकथा सांगायला निघालो नव्हतो, असे ज्यू घरात वाढलेल्या स्पीलबर्ग यांचे म्हणणे. मग नुसत्या खुणा मोजून काय ठरणार?

आपल्या बडा गणपतीच्या देवळात जाऊन त्या सुमारे 25 फुटी मूर्तीसमोर उभे राहा आणि गणपतीच्या जन्माची कथा आठवा. पित्यावाचून, आईच्या अंगच्या मळातून घडलेला मुलगा. आईच्या आज्ञेसाठी दारात उभा राहतो, मारला जातो आणि पुन्हा जिवंत होतो. आता खुणांची यादी करा: पित्याविना जन्म, आज्ञापालन, मरण, पुनरुत्थान. सगळ्या जुळल्या! तरी गणपतीला कोणी ख्रिस्तासारखा म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. कारण तो कोणाच्या बदल्यात मेलेला नाही.

ख्रिस्ती कल्पनेचा कणा हा ‘बदल्यात’ शब्द आहे, आणि तो समजायला मराठीसारखी सोयीची भाषा नाही. मराठी ख्रिस्ती लोक येशूला ‘तारणारा’ म्हणतात आणि त्याने दिलेल्या मुक्तीला ‘तारण’. बँकेत दागिने ठेवून कर्ज काढतो तेव्हाही आपण ‘तारण’ हाच शब्द वापरतो. इंग्रजीतल्या ‘रिडीमर’ शब्दाच्या मुळाशीही किंमत भरून सोडवून घेणे आहे. मराठी बायबलात तर येशूच्या मरणासाठी चक्क ‘खंडणी’ हा शब्द येतो. होळकरशाहीत पिढ्या घालवलेल्या आपल्या घरांना खंडणी म्हणजे काय ते सांगायला नको. माणसे पापात गहाण पडली, किंमत त्याने आपल्या जिवाने भरली, असा हा व्यवहार.

अवताराचे काम वेगळे. तो भूमीचा भार उतरवायला येतो, दुष्टाला मारतो, सज्जनांना राखतो आणि परत जातो. कंसाला मारताना कृष्ण कोणाचे देणे फेडत नाही. इथे कोणी दधीचीची आठवण देईल. हाडे देणारे दधीची थोरच. पण त्यांनी दिले ते शस्त्रासाठी, पापाच्या मोबदल्यात नव्हे.

हा फरक मराठीत पहिल्यांदा सविस्तर मांडला गेला तो गोव्यात. 1579 साली तिथे आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर इथे रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पुराणांच्या जागी ऐकायला काहीतरी हवे होते. स्टीफन्स यांनी सुमारे 11,000 ओव्या रचल्या. ओवी आपली, पुराणाचा घाट आपला, स्वर्गासाठी शब्दही वैकुंठ. कवच सगळे इथले घेऊन त्यांनी आत क्रूस तसाच ठेवला.

हॉलिवुडने बहुतेक वेळा याच्या उलटे केले आहे. कवच ख्रिस्ताचे आणि आत अवतार. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये हात पसरून क्रूसाच्या आकारात तरंगणारा नायक शेवटी खलनायकाची मान मोडतो, हा सरळ कंसवध. पहिल्या ‘मेट्रिक्स’मधला निओ मरून उठतो आणि शत्रूच्या शरीरात शिरून त्याला फोडतो, यात नरसिंहाचा वास जास्त. क्लाटू तर उठल्यावर पृथ्वीला दमच देऊन जातो.

किंमत कोण भरतो, हा प्रश्न घेऊन पाहिले की उत्तरे अनपेक्षित जागी सापडतात. ‘टर्मिनेटर’मध्ये भावी त्राता जॉन कॉनर, इंग्रजीत त्याची आद्याक्षरे जीझस क्राइस्टचीच. जन्माआधीच त्याच्या आईला मारायला मारेकरी येतो, म्हणजे कंस आणि हेरोद दोघेही हजर. पण 1991 च्या दुसऱ्या भागात जगासाठी वितळलेल्या पोलादात उतरते ते यंत्र. खुणा मुलाच्या नावावर, तारण यंत्राच्या. मला तो या साऱ्या चित्रपटांतला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. ‘मेट्रिक्स’च्या तिसऱ्या भागात, 2003 मध्ये, निओही यंत्रांशी सौदा करतो: शांतता द्या, मी जीव देतो. तो हात पसरून मरतो, आणि श्रेयनामावलीला जे संगीत वाजते त्यात बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना आहे!

‘ड्यून’ची तऱ्हा आणखी निराळी. फ्रँक हर्बर्ट यांच्या 1965 च्या कादंबरीत त्रात्याची आख्यायिका एका संघटनेने वाळवंटातल्या लोकांत आधीच पेरून ठेवलेली असते. पॉल तिचा फायदा घेतो. इथे किंमत भरतात ती त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसे.

आपल्याकडच्या ‘कल्की 2898 एडी’लाही, 2024 सालच्या, हाच प्रश्न विचारून पाहा. गर्भवती सुमती, तिच्या मागे लागलेली सत्ता आणि राखणीला शापित अश्वत्थामा. पहिला भाग संपतो तेव्हा कल्की जन्मलेलाच नसतो. तो तलवार घेऊन खंडणी वसूल करणार की स्वतः भरणार, हे अजून पडद्यावर यायचे आहे.