वलणीवरचे इंग्रजी

वर्गाच्या भिंतीवर कपड्यांचा इंग्रजी तक्ता टांगलेला असतो. ओव्हरकोट, मिटन्स, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि बर्फात उभा असलेला एक गुटगुटीत मुलगा. खिडकीबाहेर, समोरच्या घराच्या वलणीवर, धोतर, लुगडे, शाळेची हाफ पॅन्ट, बनियन आणि दोन दस्त्या वाळत असतात. सेनगाव असो, कळमनुरी असो की औंढ्याच्या आसपासचे एखादे खेडे, हिंगोली जिल्ह्यातल्या मुलाला ही दोन्ही दृश्ये एकाच बाकावरून दिसू शकतात. मिटन्स त्याने कधी हातात धरलेले नाहीत. वलणीवरचा कपडा कोणता हे तर तो सांगतोच, शिवाय तो कोणाचा हेही सांगतो.

कपड्यांची इंग्रजी नावे शिकवताना होणारे बरेच घोटाळे तक्त्याकडे तोंड आणि वलणीकडे पाठ करून शिकवल्यामुळे होतात.

सर्वांत घट्ट रुतलेला समज असा की, खेड्यातले मूल इंग्रजीच्या बाबतीत कोरी पाटी घेऊन येते. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्या पहिल्या तुकडीतली कितीतरी मुले आता स्वतः आईबाप झाली, तरी हा समज हललेला नाही. वस्तुस्थिती अशी की शाळेत पाऊल टाकण्याआधीच मुलाच्या तोंडी शर्ट, पॅन्ट, फ्रॉक, स्कर्ट, स्वेटर, कोट, मफलर, बेल्ट, टाय, ब्लाऊज, टॉवेल, कॉलर आणि बटन असतात. एवढे शब्द पाठ करायला परक्या भाषेच्या विद्यार्थ्याला काही आठवडे लागतील. या मुलाला ते आईने आंघोळ घालताना दिले.

त्याची खरी अडचण वेगळीच आहे. शब्द ओळखीचा, पण इंग्रजीत त्याचा अर्थ सरकलेला.

जाकीट आणि जर्किन ही जोडी पाहावी. मराठीत जाकीट म्हणजे सदऱ्यावर घालायचे, बिनबाह्यांचे, पुढाऱ्यांच्या अंगावर दिसते ते. जर्किन म्हणजे थंडीत मोटारसायकलवर घालायचे, पूर्ण बाह्यांचे, पुढून चेन लावायचे. इंग्रजीत नेमके उलटे आहे. तिथे जॅकेटला साधारणपणे बाह्या असतात आणि जर्किन हे जुन्या काळचे बिनबाह्यांचे, बहुधा चामड्याचे आवरण. दोन्ही शब्द इंग्रजीतूनच आले आणि मराठीत येऊन त्यांनी बाह्यांची अदलाबदल केली. त्या जर्किनची 'चेन'सुद्धा इंग्रजीत चेन नव्हे. तिला तिथे झिप म्हणतात. चेन म्हणजे साखळी, सायकलची किंवा गळ्यातली.

बुटांचेही तसेच. आपल्याकडे पाय झाकणारे कोणतेही पादत्राण बूट. इंग्रजीत बूट घोट्याच्या वर चढले पाहिजेत, नाहीतर ते शूज. स्लीपर घालून मूल शेतात जाते. इंग्लंडमध्ये स्लीपर म्हणजे घरात पाय उबदार ठेवणारी मऊ पादत्राणे, ती घालून कोणी रस्त्यावरही येत नाही. 'शाळेचा ड्रेस' हा शब्द तर घरोघरी. मुलगा हौसेने उभा राहतो आणि नवा ड्रेस घातल्याचे इंग्रजीत सांगतो. परक्या देशातला ऐकणारा गोंधळतो, कारण तिथे 'अ ड्रेस' म्हणजे मुलींचा वरपासून खालपर्यंत एकसंध कपडा. मुलाला म्हणायचे होते युनिफॉर्म.

बनियनची कथा याहून लांब पल्ल्याची आहे. गुजराती वाण्यांवरून युरोपीय व्यापाऱ्यांनी 'बनियन' हा शब्द उचलला. वाण्यांच्या सैलसर अंगरख्यालाही तेच नाव पडले. इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बास भागात हे वाणी ज्या वडाखाली जमत, त्या झाडालाही प्रवाशांनी तेच म्हटले. आज मुलाने इंग्रजी शब्दकोश उघडला तर बनियनपुढे त्याला पारंब्या सोडलेला वड दिसेल. अंगातल्या बनियनला इंग्लंडमध्ये व्हेस्ट म्हणतात.

इथे दुसरा समज आडवा येतो. तो म्हणजे हे सारे आपले 'चुकीचे इंग्रजी' आहे आणि मुलाच्या तोंडून ते पुसून काढले पाहिजे. पण मग चुकीचे कोणाचे? ब्रिटिश माणसाचे व्हेस्ट आत घालायचे असते, अमेरिकी माणसाचे व्हेस्ट म्हणजे वरून घालायचा वास्कट. अमेरिकेत पॅन्ट्स म्हणजे आपली फुल पॅन्ट, इंग्लंडमध्ये पॅन्ट्स म्हणजे आतली चड्डी. जंपर हा ब्रिटनमध्ये स्वेटर आहे, अमेरिकेत ब्लाऊजवर घालायचा बिनबाह्यांचा झगा आहे आणि आपल्या आज्यांच्या तोंडी तोच झंपर होऊन चोळीच्या जागी बसला. शब्द गावोगाव फिरला की गावाचा रंग घेतो. जर्किन म्हणणाऱ्या मुलाला 'चूक' असे सांगणे म्हणूनच अन्यायाचे आहे. घरी जर्किन, इंग्रजीत जॅकेट, एवढे सांगितले की काम भागते. आणि दोन्ही शब्द त्याचेच राहतात.

इंग्रजीत जे आहे ते सगळे इंग्रजांचे, हाही असाच एक पक्का समज. पायजमा फारसीतून हिंदुस्थानी भाषेत रुळला होता. पाय म्हणजे पाय, जामा म्हणजे वस्त्र. तिथून तो इंग्रजीत गेला आणि वाटेत त्याने अर्थ बदलला. हिंगोलीच्या बाजारात पांढरा पायजमा घालून फिरणाऱ्या आजोबांना तो बाहेर जायचा पोशाख वाटतो. इंग्रजीत पजामाज म्हणजे रात्री झोपताना घालायची वर-खालची जोडी. शाल फारसीतून गेली. खाकी म्हणजे खाकेच्या, धुळीच्या रंगाची. १८४६ मध्ये पेशावरकडे उभारलेल्या कोअर ऑफ गाइड्स या तुकडीने तो रंग लष्करात आणला. लहान मुलांच्या डंगरीचे नाव जाड्याभरड्या कापडावरून पडले आणि त्या कापडाचे नाव मुंबईच्या डोंगरीशी जोडले जाते. आपल्या चिटाचे तर इंग्रजीत व्याकरणच बदलले. 'चिंट'चे अनेकवचन म्हणून 'चिंट्स' झाले आणि पुढे तेच एकवचन समजून त्याचे अनेकवचन करू लागले.

हिंगोलीपुरते बोलायचे तर याहून जवळचे उदाहरण खिशात असते. पुण्याकडे ज्याला हातरुमाल म्हणतात त्याला मराठवाड्यात दस्ती म्हणतात. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी १९०३ पर्यंत होती. कचेरीची, बाजाराची, छावणीची उर्दू-दखनी बोली कानावर पडत राहिली आणि कपड्यांच्या शब्दांत तिने कायमचे घर केले. विजार, खिसा, पायमोजे, दस्ती. फारसीत दस्त म्हणजे हात. आता इंग्रजी हँडकरचीफ फोडून पाहावा. हँड म्हणजे हात. करचीफ हा जुन्या फ्रेंचमधला, 'डोके झाकणारे' या अर्थाचा शब्द. म्हणजे डोक्याचे कापड हातात आले. आणि मराठवाड्यातले म्हातारे अजूनही डोक्याला बांधतात तो रुमाल, ज्याचा मूळ फारसी अर्थ 'तोंड पुसायचे' असा. तोंडाचे कापड डोक्यावर चढले. दोन भाषांनी उलटसुलट वाटांनी केलेला हा प्रवास चौथी-पाचवीच्या मुलांना सांगितला, तर हँडकरचीफचे अवघड स्पेलिंग लक्षात ठेवायला एक कारण मिळते. घोकंपट्टीत नसते ते हेच कारण.

व्याकरणाबाबत पालकांना वाटते की मराठी आड येते. कधी येतेही. 'पॅन्ट फाटली' म्हणणाऱ्या मुलाला ट्राउझर्स, शॉर्ट्स, पजामाज नेहमी अनेकवचनी का, हे कळत नाही. एक हवी असेल तर 'अ पेअर ऑफ ट्राउझर्स' म्हणावे लागते. दोन पाय म्हणून अनेकवचन, कात्रीची दोन पाती आणि चष्म्याच्या दोन काचाही तशाच, असे दाखवले की ते पटकन समजते. पण क्लॉथ आणि क्लोद्ज यांचा घोळ मात्र मराठीच सोडवते. आपल्याकडे कापड वेगळे आणि कपडे वेगळे. दुकानातून मीटरवर आणायचे ते कापड, शिंप्याने शिवून दिले की कपडे. क्लॉथ म्हणजे कापड, क्लोद्ज म्हणजे कपडे. हा भेद मुलाला आधीपासून ठाऊक आहे, फक्त त्यावर नवी नावे डकवायची आहेत. उच्चाराची भीतीही अवास्तव आहे. 'क्लोद्ज'मधला द आणि ज जोडून म्हणताना जीभ अडखळली, तर साधे 'क्लोझ' चालते. इंग्रज लोकही सर्रास तसे बोलतात. फक्त 'क्लोथेस' म्हणू नये.

क्रियापदांत तर मराठी मूल इंग्रजी मुलापेक्षा श्रीमंत आहे, आणि ही गोष्ट फारसे कोणी त्याला सांगत नाही. सदरा घालायचा, लुगडे नेसायचे, फेटा बांधायचा, शाल पांघरायची, ओढणी घ्यायची, गजरा माळायचा. नेसणे म्हणजे न शिवलेले वस्त्र अंगाभोवती गुंडाळणे, म्हणून 'शर्ट नेसला' म्हटले की चार वर्षांचे पोरही हसते. इंग्रजी या सगळ्यांना एकच वेअर देते. साडी, शर्ट, फेटा, चष्मा, घड्याळ, अत्तरसुद्धा. पण एक भेद इंग्रजी कसोशीने पाळते. अंगात असणे म्हणजे वेअर, अंगात चढवणे म्हणजे पुट ऑन. सकाळी घाईत 'थांब, शर्ट घालतोय' म्हणायचे असते तेव्हा मुले आय ॲम वेअरिंग म्हणतात, आणि त्याचा अर्थ शर्ट आधीच अंगात आहे असा होतो. मराठीत हाच भेद 'घातलाय' आणि 'घालतोय' असा आहे. तो फळ्यावर समजावण्यापेक्षा अंगावर करून दाखवावा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत याला चपखल बसते. शिक्षक बोलतो, मुले शरीराने उत्तर देतात, त्यांना बोलायची घाई नसते. पुट ऑन युअर कॅप. टेक ऑफ युअर सँडल्स. डिसेंबरातल्या गारठ्याच्या सकाळी, मुले कानटोप्या आणि स्वेटर घालून येतात तेव्हा, वेगळे साहित्य आणावेच लागत नाही.

एका समजाला तर शिक्षणव्यवस्थेचाच आधार आहे. एका विषयाचे शब्द एकदम शिकवले की पक्के बसतात, असे आपण धरून चालतो. तक्ते, पाठ्यपुस्तकांतली चित्रे आणि घरच्या वह्या याच समजावर उभ्या आहेत. संशोधक थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये हे तपासले. शिकणाऱ्यांना नवे बनावट शब्द दिले, काहींचे अर्थ एकाच गटातले, जसे कपड्यांचे, आणि काहींचे एकमेकांशी संबंध नसलेले. एका गटातले शब्द शिकायला जास्त वेळ लागला. रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्ये जपानी भाषकांवर तसाच प्रयोग केला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. एकमेकांजवळचे अर्थ डोक्यात एकमेकांना धक्के देतात. शर्ट, स्कर्ट आणि शॉर्ट्स एकाच दिवशी शिकवले तर काय होते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे. तिथे अर्थ जवळचे आहेतच, ध्वनीही सख्खे आहेत, कारण हे तीनही शब्द एकाच जुन्या जर्मानिक मुळाचे, 'आखूड' या कल्पनेतून निघालेले. स्कर्ट स्कँडिनेव्हियाच्या बाजूने आला एवढेच. सोमवारी शर्ट, तोही बटन आणि धुण्याबरोबर. स्कर्ट पुढच्या आठवड्यात. तक्ता टांगायचा तो शेवटी, उजळणीसाठी.

उरला समज प्रत्येक मराठी कपड्याला इंग्रजी जोडशब्द असलाच पाहिजे हा. कुंचीला काय म्हणायचे? तान्ह्याच्या डोक्यापासून पाठीपर्यंत येणारी, सणाला मोत्यांची झालर लावलेली कुंची बॉनेटमध्ये मावत नाही. तांड्यावरून येणारी बंजारा मुलगी घरी आजीची फेटिया आणि कांचळी पाहते. आरशांनी, कवड्यांनी, टाक्यांनी भरलेल्या त्या वस्त्रांना स्कर्ट-ब्लाऊज म्हटले तर तिच्याच घराची ओळख पुसट होते. इंग्रजीने सारी, धोती, लुंगी, कुर्ता हे शब्द कधीच आत घेतले आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने २०१९ मध्ये 'चडीज'लाही जागा दिली. जी भाषा चड्डी स्वीकारते तिच्यासमोर कुंचीचे नाव सांगायला मुलाने संकोचू नये.

कपड्यांचे इंग्रजी शिकवायला याच जिल्ह्यात एक जागा तयार आहे, आणि ती म्हणजे शिंप्याचे दुकान. परंपरा संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून इथल्याच नर्सीचे नाव सांगते, आणि नामदेव शिंपी कुळातले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे नर्सीला पंजाबातूनही भाविक येतात. आजच्या शिंप्याच्या वहीत चेस्ट, वेस्ट, कॉलर, कफ आणि पॉकेट एकेका ओळीला मापासकट लिहिलेले असतात, शेजारी बाही, मुंढा, अस्तर आणि काज. यातला काज पोर्तुगिजांच्या 'काझा'वरून आला, ज्याचा अर्थ घर, म्हणजे बटनाचे घर. शाळेने पंधरा मुले तासभर त्या दुकानात नेली, मापाची फीत प्रत्येकाच्या छातीला लावून आकडा इंग्रजीत मोठ्याने म्हणायला लावला आणि परत वर्गात येऊन घरातल्या एका माणसाच्या कपड्यांवर तीन वाक्ये लिहायला सांगितली, तर एखादा नक्की लिहील: माय आबा वेअर्स अ धोतर. हिज रुमाल इज व्हाइट. ही हॅज टू दस्तीज. शिक्षकाने इथे लाल पेन उचलायचे कारण नाही.