मनीचा उपवास

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी आमच्या घरात प्रत्येकाने काहीतरी सोडलं. पप्पांनी चहा, मी रात्रीची वेबसिरीज. पुढच्याच आठवड्यात आमच्या मनीने जेवण सोडलं. चार दिवस तिची ताटली तशीच भरलेली. आजी म्हणाली, "खाईल बापा. भूक लागल्यावर कोण थांबते?" आम्हालाही ते पटलं. पाचव्या दिवशी खिडकीच्या उजेडात तिच्या कानाची आतली कातडी पिवळी दिसली. तिला टोपलीत घालून आम्ही बालाघाटहून गोंदियामार्गे नागपूर गाठलं.

तिथे कळलं की ते चार दिवस थांबणं हीच आमची मोठी चूक होती. पुढे साडेपाच आठवडे मनी नळीवर जगली. त्या काळात जे शिकले ते इथे लिहितेय, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मांजर आहे.

उपवास मांजराला का झेपत नाही?

माणूस काही दिवस उपाशी राहिला तर शरीर साठवलेली चरबी जाळून भागवतं. मांजराच्या शरीरातली चरबीही बाहेर पडते आणि यकृताकडे जाते, पण यकृताला ती तेवढ्या वेगाने वापरता येत नाही. ती तिथेच साचते. याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. जाड मांजरांना हा धोका जास्त. यकृत बिघडलं की मळमळ होते, मळमळीमुळे मांजर खात नाही, न खाल्ल्याने यकृत आणखी बिघडतं. मनीचं मूळ दुखणं स्वादुपिंडाची सूज होतं, पण जिवावर बेतलं ते उपाशी राहण्याने.

या आजारावरचं मुख्य औषध म्हणजे अन्नच. पण जे खातच नाही त्याला ते द्यायचं कसं? म्हणून नळी.

नळी आणि तिचा हिशोब

नाकातून घालायची नळी बारीक असते. ती थोड्या दिवसांसाठी ठीक, आणि तिच्यातून फक्त पातळ द्रव जातो. मनीला भूल देऊन मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवली. ती काही आठवडे, गरज पडली तर काही महिनेही ठेवता येते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती असताना मांजर तोंडाने खाऊ शकतं.

चार किलोच्या मांजराला आराम करतानाही दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. पण उपाशी शरीरावर एकदम पूर्ण खुराक लादला तर रक्तातले क्षार धोकादायक रीतीने ढासळू शकतात. म्हणून पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश आणि तिसऱ्या दिवसापासून पूर्ण. नेमकं प्रमाण डॉक्टरच ठरवतात.

आमचा क्रम ठरलेला होता. डॉक्टरांनी दिलेलं खाद्य मिक्सरमध्ये पातळ करून गाळायचं आणि कोमट करायचं. आधी सिरिंजने थोडं कोमट पाणी सोडायचं. खोकला किंवा उबळ आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन. नाहीतर पंधरा-वीस मिनिटं घेऊन हळूहळू अन्न द्यायचं आणि शेवटी पुन्हा पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. मानेवरची जखम रोज बघायची: लाली, पू, वास.

जिभल्या चाटणे

आपल्या भाषेने मला इथे चांगलंच फसवलं. जिभल्या चाटणे म्हणजे तोंडाला पाणी सुटणे, असं आपण शिकलोय. मनीपुढे मासा ठेवला की ती जिभल्या चाटायची, आणि मी आनंदाने वाटी आणखी जवळ सरकवायचे. ती तोंड फिरवायची. डॉक्टरांनी सांगितलं, ही भूक नाही, मळमळ आहे. लाळ गळणं, वारंवार गिळणं, वास येताच मान वळवणं हीसुद्धा तीच लक्षणं.

मळमळत असताना जे अन्न पुढे येतं, त्याचा मांजराला कायमचा तिटकारा बसू शकतो. म्हणजे माझ्या प्रेमळ आग्रहाने मी तिचा आवडता मासाच तिला नकोसा करत होते. बोटाने तोंडात घास कोंबणं तर त्याहून वाईट.

म्हणून आधी मळमळ थांबवायची. त्यासाठी मारोपिटंट, ऑन्डान्सेट्रॉन अशी औषधं आहेत. भूक वाढवायला मिरटाझापिन देतात. त्याचं मांजराच्या कानाला आतून लावायचं मलम २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं. पण यकृत आजारी असेल तर डोस बदलतो, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने काहीही आणायचं नाही. माणसांचं पॅरासिटामॉल तर मांजराला जीवघेणं आहे.

भूक परत बोलावताना

मांजराला गोड चव कळतच नाही. त्या चवीचा जनुक त्यांच्यात निकामी झालेला आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवलं. मांजराची भूक मुख्यतः नाकातून जागते. म्हणून अन्न किंचित कोमट करायचं, वास सुटतो. मिशा कडांना लागू नयेत म्हणून पसरट बशी घ्यायची. नळीच्या जेवणाआधी चमचाभर खाणं ठेवायचं, पंधरा मिनिटांनी काहीही न बोलता उचलायचं. औषध त्यात मिसळायचं नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नाही, तो विषारी असतो.

आजीने प्रेमाने चिन्नोरचा दूध-भात कालवला होता. आपल्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण मनीला त्या सुवासाचं काय? मांजर मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर हृदय निकामी होऊ शकतं, हे १९८७ साली सिद्ध झालं. आणि मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही. डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणीतच शोभतं.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी बशी ठेवून स्वयंपाकघरात गेले. परत आले तर उकडलेल्या कोंबडीचे दोन तुकडे कमी होते. मी आजीकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काहून पाहतेस? मी नाही खाल्ले."

मला लगेच नळी काढायची घाई झाली. डॉक्टरांनी थांबवलं. तोंडाने खाणं वाढेल तसं नळीतलं कमी करायचं, रोज वजन करायचं, आणि नळीशिवायच्या खाण्यावर वजन टिकतंय हे काही दिवस पाहून मगच नळी काढायची. आम्ही तसंच केलं.

तुमचं मांजर एक दिवस जेवलं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, डॉक्टरांना विचारा. उपवास आपल्यासाठी आहेत. आमच्या घरी आता राखेच्या बुधवारीही मनीची बशी वेळेवर भरते, आणि ती रिकामी झाली की नाही हे आजी स्वतः जाऊन बघते.