दोन दिवसांचा पाहुणा

आमच्या गोठ्यात खांबाच्या खिळ्याला एक पिशवी टांगलेली असायची. तिच्यातलं यीस्ट सकाळच्या आंबोणात चमचाभर पडायचं. वडील म्हणायचे, "यानं फॅट लागतं." शेजारचे काका म्हणायचे, "दादा, पैसे उकिरड्यावर टाकताय." दोघांच्याही गाई संकरित होल्स्टाइन, दूध एकाच डेअरीला. काकांनी महिनाभर तीच पिशवी वापरून पाहिली होती आणि त्यांना गुण आला नव्हता. हे कोडं माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं घर करून बसलं.

जनावराला यीस्ट घालणं ही नवी टूम नव्हे. 1910च्या सुमारास बर्लिनच्या किण्वन-संस्थेत माक्स डेलब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचं पशुखाद्य म्हणून मोल ओळखलं. (नोबेलवाले माक्स डेलब्रुक हे त्यांचे पुतणे, नावावरून मीही फसलो होतो.) 1925मध्ये मिनेसोटाच्या एकल्स आणि विल्यम्स यांनी दुभत्या गाईंना यीस्ट देण्यावर निबंध लिहिला. 1980मध्ये पिअर्स लायन्स या आयरिश यीस्ट-रसायनज्ञानं केंटकीत कंपनी काढली आणि पिशव्या जगभर गेल्या.

पण जर्मनांना यीस्ट हवं होतं ते प्रथिनांसाठी, पेंडीच्या जागी. चमचाभर यीस्टमधून गाईला कसली प्रथिनं मिळणार? शिवाय कोठीपोटातली, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातली 39 अंशांची ऊब यीस्टला मानवत नाही. तिथं ते वाढत नाही, दिवसा-दोन दिवसांत शेणावाटे निघून जातं. म्हणून तर रोज घालावं लागतं. मग एवढ्या मुक्कामात हा पाहुणा करतो तरी काय?

यावर दोन तट पडले. जॉर्जिया विद्यापीठात निस्बेट आणि मार्टिन यांनी 1991मध्ये दाखवलं, की यीस्टच्या कल्चरमुळे लॅक्टिक आम्ल खाणारा सेलेनोमोनास हा जिवाणू तरतरीत होतो. श्रेय कल्चरमधल्या मॅलिक आम्लाकडे गेलं. दुसरा तट म्हणत होता, यीस्ट काही देत नाही, ते घेतं. कोठीपोटात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, पण वैरणीच्या प्रत्येक घासाबरोबर, पाण्याबरोबर, लाळेबरोबर थोडा आत शिरतोच. कडब्यातला तंतू फोडणाऱ्या जिवाणूंना तो विष. यीस्ट मात्र तो श्वासावाटे खाऊन टाकतं.

निकाल लागला स्कॉटलंडमध्ये. ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेतल्या न्यूबोल्ड, वॉलेस आणि मॅकिन्टॉश यांचा 1996चा निबंध मी इतक्यांदा वाचलाय, की त्यातले तक्ते तोंडपाठ आहेत. त्यांनी गाय वापरलीच नाही, वापरलं 'रुसिटेक'. 1977मध्ये एअरच्या हॅना संस्थेत तयार झालेलं हे कृत्रिम कोठीपोट. 39 अंशांवर ठेवलेलं भांडं, त्यात नायलॉनच्या पिशवीत वैरण आणि सतत झिरपणारी कृत्रिम लाळ.

त्या भांड्यात त्यांनी यीस्ट घातलं. जिवाणू वाढले, तंतू फोडणारेसुद्धा. मग नुसतं मॅलिक आम्ल घातलं. तो परिणाम दिसेना. मग त्यांनी घातलं पंगू यीस्ट. बोरिस एफ्रुसी यांनी पॅरिसमध्ये 1949मध्ये बारक्या, खुरटलेल्या वसाहतींचं एक यीस्ट वर्णिलं होतं. फ्रेंचमध्ये नाव 'पेतीत', म्हणजे छोटं. ते साखर आंबवतं, पण त्याला श्वास घेता येत नाही. स्कॉटिश मंडळींनी आपल्याच वाणांचे असे श्वासहीन भाऊबंद वापरले. जिवाणू ढिम्म! बाकी सगळं तेच, फक्त श्वास काढून घेतला. पशुआहाराच्या वाङ्मयात इतकं नेटकं काम मला दुसरं भेटलेलं नाही.

अर्थात काचेचं भांडं डेअरीला दूध घालत नाही. 2009मध्ये फ्रान्सच्या देनोआये आणि सहकाऱ्यांनी 110 निबंध एकत्र चाळले. सरासरी फायदा निघाला गाईच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला 1.2 ग्रॅम दूध. चारशे किलोच्या गाईमागे अर्धा लिटरही पुरतं नाही. फॅटचा कल 0.05 टक्क्यानं वर. डेअरीच्या एका दशांशाच्या पावतीवर तो दिसायचाही नाही. माहितीपत्रकांतली दुधाची धार मला तेव्हापासून संशयास्पद वाटते.

त्याच अभ्यासात कोडंही सुटलं. आंबोणाचा वाटा जितका जास्त, तितका कोठीपोटाची आम्लता रोखण्यात यीस्टचा हात मोठा. आणि आम्लता वाढली, की फॅट उतरतं. वडील मक्याचा भरडा घमेल्यानं घालत. काकांची सारी मदार हिरव्या चाऱ्यावर. दोघंही आपापल्या गोठ्यापुरते खरे होते.

मागच्या उन्हाळ्यात मी जिवंत यीस्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन पिशव्या आणल्या. कोमट पाण्यात गूळ विरघळवून दोन पेल्यांत एकेक चमचा टाकला. एका पेल्यात अर्ध्या तासात फेस काठापर्यंत आला, दुसऱ्यात तळाशी नुसता गाळ. ती दुसरी पिशवी दुकानाच्या पत्र्याखाली किती दिवस तापली होती कोण जाणे. मी फेसाळलेला पेला काकांपुढे धरला. ते म्हणाले, "म्हणजे हे चालतंय."

चालतंय असं म्हणायला माझी जीभ रेटेना. गुळाचा फेस आंबण्याचा असतो, श्वासाचा नव्हे. ॲबर्डीनचं ते पंगू यीस्टही या पेल्यात असंच फेसाळलं असतं.