जुन्नर-आंबेगावात गाड्या घेऊन मुक्कामाला जाताय? आधी रात्री दोन वाजताचा बेत ठरवा

चार-पाच जीपगाड्या, दहा-पंधरा मित्र, नाणेघाटाचे पठार किंवा डिंभे धरणाच्या मागचा कच्चा रस्ता आणि रात्री तंबूत मुक्काम. असा बेत ठरला की सामानाची यादी होते. तंबू, दोर, जॅक, टायरमध्ये हवा भरायचा पंप, मटणाचा मसाला, काहीच राहत नाही. एक गोष्ट मात्र बहुतेक याद्यांत नसते. रात्री दोन वाजता कोणाला काही झाले, तर त्याला कोण, कोणत्या गाडीतून, कोणत्या रुग्णालयात नेणार?

पोटदुखी, जी पित्ताची नसते

समजा, तुमच्यातला एक जण तंबूत जागा नाही म्हणून बाहेर सतरंजीवर झोपला. पहाटे तीनला पोटात दुखते म्हणून उठला, एकदा उलटी झाली. रात्रीच्या जेवणामुळे पित्त झाले असेल असे समजून कोणीतरी गोळी दिली. सकाळी त्याच्या पापण्या उघडेनात, बोलणे जड झाले, थुंकी गिळता येईना.

हे मण्यारच्या दंशाचे चित्र असू शकते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असतात, दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसेलच असे नाही. विष नसा आणि स्नायूंमधला संदेश तोडते. आधी पापण्या, मग घसा आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. लक्षणे दिसायला काही तास लागू शकतात. म्हणून हा नियम गटातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवा: उघड्यावर झोपलेल्याला रात्री कारण नसताना पोटदुखी, उलटी किंवा पापण्या जड होणे सुरू झाले, तर सर्पदंश समजून निघा.

आपल्याकडचे इतर तीन मुख्य विषारी साप म्हणजे नाग, घोणस आणि फुरसे. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. घोणस थंडीतही बाहेर दिसते, त्यामुळे 'हिवाळ्यात साप नसतात' या भरवशावर राहू नका.

निघण्यापूर्वी: तीन फोन, एक कागद

जुन्नर आणि नारायणगावला ग्रामीण रुग्णालय आहे. आंबेगाव तालुक्यात घोडेगावला ग्रामीण आणि मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तुमच्या मुक्कामाला जवळ असलेल्या दोन-तीन ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून विचारा: सर्पदंशाची लस आत्ता शिल्लक आहे का? रात्री डॉक्टर असतात का? श्वास देण्याची सोय आहे का, नसल्यास रुग्णाला पुढे कुठे पाठवतात?

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी या भागात सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये यासाठी अनेक वर्षे काम केले आहे. सर्पदंश झाला की थेट पुण्याकडे गाडी काढू नका. लस जिथे जवळ मिळेल तिथे पहिला डोस, पुढचा प्रवास नंतर.

एका कागदावर हे लिहा आणि प्रत्येक गाडीत एकेक प्रत ठेवा:

- रुग्णालयांचे फोन नंबर आणि मुक्कामापासून तिथे पोहोचायला लागणारा वेळ. नाणेघाट ते जुन्नर सुमारे ३० किलोमीटर आहे, पण पठारावरून डांबरी रस्त्याला लागायला किती वेळ लागतो तो वेगळा मोजा.
- मोबाइलला रेंज मिळते ती शेवटची जागा.
- जवळच्या वाडीतल्या एका माणसाचा नंबर.
- प्रत्येकाचे आजार, चालू औषधे आणि ॲलर्जी.

मुक्कामावर

एक गाडी रस्त्याकडे तोंड करून, मोकळी उभी ठेवा. तिची किल्ली कुठे आहे हे सर्वांना माहीत हवे. एका चालकाने त्या रात्री दारूला हात लावायचा नाही. ही त्याची शिक्षा नव्हे, पाळी आहे. दुसऱ्या रात्री दुसरा.

झोपायला खाली शिवलेला तळ असलेला तंबू घ्या आणि चेन पूर्ण लावा. गाडीत किंवा खाटेवर झोपणे आणखी चांगले. बूट सकाळी झटकून घाला. सरपणाच्या ढिगात बॅटरी न मारता हात घालू नका. हा बिबट्यांचा मुलूख आहे. मुलांना अंधारात एकटे सोडू नका, लघवीला जाताना दोघे जा, उष्टे अन्न आसपास टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

तंबूत किंवा बंद गाडीत कोळशाची शेगडी नेऊ नका, इंजिन चालू ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठतच नाही.

पावसाळ्यात डोंगरउताराच्या पायथ्याशी तंबू लावू नका. आंबेगावातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. भीमाशंकर अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करू नका आणि रस्ता सोडून गाडी घालू नका.

दंश झालाच तर

1. रुग्णाला आडवे करा, धीर द्या. चालू, पळू किंवा गाडी चालवू देऊ नका.
2. अंगठी, घड्याळ, पैंजण, बूट काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत.
3. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा काठी लावून तो हात-पाय स्थिर ठेवा.
4. आवळून दोरी बांधू नका. चिरू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, झाडपाला किंवा मंत्रात वेळ घालवू नका.
5. सापाला मारण्यात वा पकडण्यात वेळ घालवू नका. लस चारही सापांवर चालते.
6. १०८ ला फोन करा, पण आडरानात वाट पाहत बसू नका. रुग्णाला मागच्या सीटवर कुशीवर झोपवून निघा आणि रुग्णवाहिकेला वाटेत गाठा.

लस गटाने सोबत नेण्याची वस्तू नाही. ती शिरेतून द्यावी लागते आणि तिची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून रुग्णालयातच द्यायची. दंशानंतर बरे वाटत असले, तरी २४ तास देखरेखीखाली राहा.

मधमाश्या आणि कुत्रा-बिबट्या

मोहोळ दिसले तर खाली शेकोटी करू नका. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळा आणि गाडीत शिरून काचा लावा. अंगभर पित्त उठणे, आवाज बसणे, धाप लागणे किंवा चक्कर येणे यांपैकी काहीही झाले, तर ती जिवावरची ॲलर्जी समजून लगेच निघा. कुत्रा किंवा कोणताही प्राणी चावला वा ओरबाडले, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

जीपगाडी ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पायी गेलेल्या ट्रेकरला झोळी करून माणूस खाली आणावा लागतो, तुम्हाला फक्त किल्ली फिरवायची आहे. पण ती किल्ली कोणाकडे आहे आणि गाडी कुठे न्यायची आहे, हे उजेडातच ठरवून ठेवा.