गळकं घर विकताय? गिऱ्हाइकाला आकडा दाखवा

तुमच्या घराची गच्ची गळतेय आणि गिऱ्हाईक दर भेटीला नवी खोट काढून भाव पाडतंय? चिडू नका. दोन मिस्त्रींकडून दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट घ्या. समजा, खर्च १,८०,००० निघाला. मग स्पष्ट सांगा, "एकतर दुरुस्त करून देतो, नाहीतर एवढे कमी करतो. दोन्ही जमणार नाही."

पण ओल रंगाखाली झाकू नका. सहज लक्षात न येणारे, तुम्हाला माहीत असलेले मोठे दोष सांगणं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विक्रेत्याची जबाबदारी आहे.

ठरलं ते साठेखतात लिहून घ्या. त्याआधीच मागण्या वाढत राहिल्या, तर सरळ हात जोडा. पुढच्या गिऱ्हाइकासाठी एस्टिमेट तयारच आहे!