आमदारांच्या संदेशापासून बँक खात्यापर्यंत

अतिवृष्टी झाली की दोन दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर आमदारांचे संदेश येऊ लागतात. बांधावरच्या पाहणीचे फोटो येतात, पंचनाम्यांच्या मागणीचं पत्र येतं आणि काही आठवड्यांनी ‘पाठपुराव्याला यश, तालुक्यासाठी इतके कोटी मंजूर’ असा मजकूर येतो. ज्याचं सोयाबीन पाण्यात कुजलं, त्याला या कोटींमधून स्वतःचा आकडा काढता येत नाही. मदत कुठवर आली, यादीत आपलं नाव आहे का, नसेल तर कुणाला भेटायचं, एवढंच त्याला हवं असतं. हे सांगायला आमदाराला पैसा लागत नाही. तरीही संकटाच्या दिवसांत मतदारसंघासाठी करता येण्याजोगं याहून मोलाचं काम मला दिसत नाही. त्यासाठी ही मदत चालते कशी, ते आधी नीट समजून घ्यायला हवं.

पैसा येतो तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. महाराष्ट्राच्या बाबतीत त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. आमदार निधीचा याच्याशी संबंध नाही. तो रस्ता, सभामंडप, शाळाखोली अशा स्थानिक कामांसाठी असतो. कुणाच्या पिकाची भरपाई त्यातून देता येत नाही. आमदाराने हे एकदा स्पष्ट सांगितलं, तर त्याच्या दारातली निम्मी गर्दी योग्य कार्यालयाकडे वळेल.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. एका मंडळात अनेक गावं असतात आणि मोजणी पर्जन्यमापकापाशी होते. त्यामुळे आपल्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस झाला तरी मंडळाची नोंद कमी दिसू शकते. दिवसेंदिवस रिपरिप चालून पीक सडलं, तर तेही पूर्वी या व्याख्येत बसत नसे. २०२३ मध्ये राज्याने सततच्या पावसालाही आपत्ती मानलं. मंडळनिहाय पावसाचे आकडे लोकांपर्यंत रोज पोहोचवणं आमदाराच्या कार्यालयाला सहज जमण्यासारखं आहे.

पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मदत लागू होते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. पथक येईल तेव्हा शेतकऱ्याने स्वतः शेतात हजर राहावं आणि पाणी ओसरण्याआधीच पिकाचे फोटो काढून ठेवावेत. सातबाऱ्यावर कोणतं पीक नोंदलं आहे, तेही आधीच पाहावं. २०२१ पासून ही नोंद शेतकरी मोबाइलवरून ई-पीक पाहणीत स्वतः करतो. शेतात सोयाबीन आणि नोंद कापसाची, किंवा नोंदच नाही, असं असेल तर पुढे वाद होतो. ई-पीक पाहणीची मुदत संपायच्या आधी गावोगाव आठवण करून देणारा आमदार पुढच्या तक्रारींतला मोठा भाग आधीच मिटवतो.

आता दर. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर हेक्टरी असे: कोरडवाहू पिकाला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही २ हेक्टरच्या मर्यादेत. दुभतं जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये, ओढकामाचं दगावलं तर ३२,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर जिल्हा पुराने उद्ध्वस्त झाल्यावर ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पिकांच्या मदतीची मर्यादा ३ हेक्टरपर्यंत वाढली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे मिळाले.

३१,६२८ कोटी हा आकडा घराघरांत पोहोचला. पण दीड हेक्टर कोरडवाहू सोयाबीनवाल्याच्या वाट्याला त्यातलं काय येतं? पिकाचे १२,७५० आणि रब्बीचे १५,०००, मिळून २७,७५० रुपये; आणि या दोन्ही रकमा एकाच दिवशी जमा होतीलच असं नाही. जमीन खरडून गेलेल्यांचा गोंधळ याहून मोठा होता. त्यांना हेक्टरी साडेतीन लाखांच्या आसपासचा आकडा ऐकू आला होता. त्यातले ४७,००० रुपये रोख होते आणि उरलेले ३ लाख रोजगार हमीच्या कामांतून माती टाकून जमीन पूर्ववत करण्यासाठी होते. घोषणेच्या दिवशीच कुणी हे हिशोबासकट फळ्यावर लिहून लावलं असतं, तर कित्येकांना बँकेत निष्फळ चकरा माराव्या लागल्या नसत्या. घोषणा मंत्रालयातून होते. तिचा एकराचा हिशोब करून देणारं माणूस गावाजवळचंच लागतं.

पंचनाम्याचे अहवाल तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून विभागीय आयुक्तांकडे आणि पुढे मंत्रालयातल्या मदत व पुनर्वसन विभागाकडे जातात. शासन निर्णय निघतो, निधी वितरित होतो. मग तहसील कार्यालय शेतकऱ्यांच्या याद्या संगणक प्रणालीवर चढवतं आणि प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी करायची. २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना त्यातून सूट मिळाली. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि इथे हमखास घोळ होतो. नेहमीचं खातं सोसायटीचं किंवा जिल्हा बँकेचं असतं, पण आधार सर्वांत शेवटी जोडलेलं असतं भलत्याच बँकेच्या एखाद्या विसरलेल्या खात्याला. माणूस ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून तहसीलला खेटे घालतो आणि पैसे तिकडे पडून असतात. ‘आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आधी बँकेत विचारा’, हे एक वाक्य प्रत्येक संदेशाच्या शेवटी असायला हवं.

ज्यांच्याकडे खऱ्या कळकळीने बघायला हवं, ती माणसं वेगळीच आहेत. सातबारा सामाईक असतो, भाऊ पुण्याला, बहीण सासरी. रक्कम एकाच्या खात्यात जायला बाकीच्यांची संमती लागते. नवरा वारलेला, वारसनोंद झालेली नाही, यादीत नाव मयताचं. अशा घरातली बाई शेत कसते, नुकसान सोसते आणि मदतीच्या वेळी कागदावर कुठेच नसते. वारसाच्या फेरफारात हरकतीसाठी नोटिशीची मुदत असते, म्हणून ऐनवेळी धावपळ करून भागत नाही. आमदाराने उन्हाळ्यातच गावोगाव वारसनोंदीची शिबिरं लावून घेतली, तर त्याचा उपयोग पुढची कितीतरी वर्षं होत राहील. बटईने कसणाऱ्याला तर या व्यवस्थेत जागाच नाही, कारण मदत सातबारा पाहून मिळते. त्याला खोटी आशा न लावता हे आधीच सांगायला हवं, आणि त्याची बाजू सभागृहात मांडायला हवी.

सभागृहातलं काम इथेच जोडलेलं आहे. किती खाती अडकली, त्यात संमतीअभावी किती, वारसनोंदीअभावी किती, आधारच्या घोळात किती, हा तालुक्याचा हिशोब हाती असलेला आमदार नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांवर बोलला किंवा त्याने लक्षवेधी मांडली, तर मंत्र्याला नेमकं उत्तर द्यावं लागतं. लोकांना माहिती देताना लोकांकडून मिळालेली माहितीच त्याच्या हातातलं बळ असते.

पीक विमा या सगळ्यापासून अलग आहे. त्याचा हप्ता, निकष आणि देणारी कंपनी वेगळी; सरकारी मदत मिळाली म्हणून विमा बुडत नाही, आणि विमा मिळाला नाही म्हणून मदत थांबत नाही.

शेवटचा अडथळा बँकेत येतो. खात्यावर मदत आली आणि थकीत कर्जापोटी वळती झाली, अशा तक्रारी दर आपत्तीनंतर येतात. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असं या शासन निर्णयांत लिहिलेलं असतं. त्या निर्णयाची प्रत आमदाराच्या कार्यालयात मागेल त्याला मिळाली पाहिजे. ती घेऊन शेतकऱ्याने शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि रक्कम परत आली नाही तर अर्जाची एक प्रत तहसीलदारांना व दुसरी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला द्यावी.