विश्लेषण : एक पट्टी, चार आवाज… सिंथेसायझरवरील ‘लेअर’ कमी करणे आणि बंद करणे यात फरक काय?

ऑर्केस्ट्रा असो, भावगीतांची मैफल असो की लग्नातला संगीताचा कार्यक्रम, पियानो, व्हायोलिनचा ताफा आणि बासरी अशी सगळी जबाबदारी आज अनेकदा एकाच की-बोर्ड वादकावर असते. त्यासाठी आवाजांचे थर, म्हणजे ‘लेअर’, एकमेकांवर चढवले जातात. मात्र थर वाढले की गायकाचा आवाज दबतो आणि ऐन धृपदात एखादा सूर मध्येच तुटतो. असे का होते?

लेअर म्हणजे नेमके काय?

एक पट्टी दाबल्यावर दोन किंवा अधिक आवाज एकत्र वाजणे म्हणजे लेअर. डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला दुसरा आवाज वाटून दिला तर तो ‘स्प्लिट’. पेटी वाजवणाऱ्यांना लेअरची कल्पना नवी नाही. बास आणि मेल अशा दोन रीडच्या पेटीत दोन्ही स्टॉप उघडले की एकाच पट्टीतून खालच्या व मधल्या सप्तकातला सूर एकत्र येतो. एक स्टॉप बंद केला की त्या रीडला हवाच मिळत नाही. सिंथेसायझरवरील ‘म्यूट’चे बटण साधारण हेच काम करते.

ही पद्धत कधीपासून आहे?

यामाहाच्या १९७०च्या दशकातील ‘सीएस-८०’मध्ये प्रत्येक सुरामागे दोन स्वतंत्र थर होते आणि त्यांचे प्रमाण हाताने कमी-जास्त करता येत असे. १९८६ मधील ‘प्रॉफेट व्हीएस’ने चार ध्वनिस्रोतांचे मिश्रण एका जॉयस्टिकवर आणले. १९८७च्या रोलँड ‘डी-५०’ने वेगळी युक्ती केली. सुराचा पहिला आघात ध्वनिमुद्रित नमुन्यातून आणि पुढचा लांबणारा भाग कृत्रिम ध्वनीतून घेऊन त्यांची सांगड घातली. १९८८च्या कॉर्ग ‘एम-१’मध्ये तर ‘कॉम्बिनेशन’ प्रकारात आठपर्यंत प्रोग्रॅम एकत्र ठेवता येत.

सूर मध्येच का तुटतो?

प्रत्येक डिजिटल सिंथेसायझर एका वेळी ठरावीक संख्येनेच ध्वनी निर्माण करू शकतो. या मर्यादेला ‘पॉलिफोनी’ म्हणतात. उदाहरणार्थ, रोलँडच्या ‘एक्सपी-३०’ची मर्यादा ६४ ध्वनींची आहे. त्यातील एका पॅचमध्ये चारपर्यंत ‘टोन’ असू शकतात. चारही चालू असतील, तर एका पट्टीला चार ध्वनी खर्च होतात आणि ६४ भागिले ४, म्हणजे १६ सूरच उरतात. असेच दोन पॅच एकावर एक ठेवले, तर फक्त आठ. दहा बोटांना एरवी तेवढे जवळपास पुरतात. पण सस्टेन पेडल दाबलेले असेल, तर सोडलेल्या पट्ट्यांचे सूरही वाजत राहतात. मर्यादा ओलांडली की नव्या सुराला जागा देण्यासाठी यंत्र साधारणपणे जुना सूर तोडते.

मग आवाज शून्यावर आणला तर?

बरेच वादक नको असलेल्या थराची पातळी शून्यावर आणतात. कानाला दोन्ही सारखेच वाटते, पण यंत्रासाठी नाही. पातळी शून्य असली तरी बहुतेक वाद्यांत तो थर आतल्या आत वाजतच असतो आणि ध्वनींच्या मर्यादेतला वाटा खातो. थर म्यूट केला, तर पुढच्या पट्टीपासून त्याला सूरच मिळत नाही आणि तो वाटा मोकळा होतो. म्हणून कडव्यात नको असलेला थर बंद करावा आणि हळूहळू वर आणायचा थर पातळीवर सांभाळावा. मिडी प्रणालीत पातळीसाठी ० ते १२७ अशी मोजपट्टी असते. ७ क्रमांकाचा संदेश मूळ पातळी ठरवतो, तर ११ क्रमांकाचा, म्हणजे ‘एक्स्प्रेशन’, वाजवताना चढ-उतार देतो. पायाखालचे पेडल ११ क्रमांकावर ठेवले, तर ठरवलेले मिश्रण बिघडत नाही.

पट्टी दाबून धरलेली असताना म्यूट केल्यास काही वाद्यांत सूर तिथेच तुटतो, काहींत तो विरेपर्यंत वाजतो. आपले वाद्य काय करते, हे कार्यक्रमाआधीच तपासणे शहाणपणाचे.

मिश्रण कसे जमवावे?

सारख्या पातळीचे दोन वेगळे आवाज एकत्र आले, तर एकूण पातळी साधारण ३ डेसिबलच वाढते. कानाला ‘दुप्पट मोठे’ वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. म्हणजे थर वाढवून आवाज फारसा मोठा होत नाही, गर्दी मात्र होते.

त्यामुळे आधी सगळे थर बंद करून मुख्य आवाज, समजा पियानो, एकटाच जमवावा. मग व्हायोलिनचा थर शून्यापासून वर न्यावा. तो वेगळा ऐकू येऊ लागला की थोडा मागे घ्यावा. दोन्ही थर एकाच सप्तकात गर्दी करत असतील, तर एक सप्तक बदलावे. खर्जात पियानो आणि पॅड दोन्ही नकोत, तिथे पॅडची पट्ट्यांची मर्यादा वर सरकवावी. संथ सुरू होणारा पॅड जलद तानेत मागे पडल्यासारखा वाटतो, तिथे तो बंदच बरा.

शेवटची तपासणी गायकासोबत करावी. एकेक थर म्यूट करून पाहावा. जो बंद केल्यावर गाण्यात काहीच उणे वाटत नाही, तो थर मुळात नकोच होता. हेडफोनवर भरदार वाटणारा आवाज मंचावर गायकाच्याच पट्टीत येऊन बसतो. प्रेक्षक आलेले असतात ते गाणे ऐकायला. शब्द ऐकू आले नाहीत, तर चारही थर वाया गेलेले असतात.